कानाकडून हाताकडे : नेवासे ते इंग्रजीचा वर्ग

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये प्रवरेच्या काठी, नेवासे येथे, ज्ञानेश्वर बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. 'ज्ञानेश्वरी'च्या या लेखनिकाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ओवी कानात पुरती बसल्याखेरीज ती हाताने उतरत नाही, हे मात्र त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

याच जिल्ह्यात पुढे लक्ष्मीबाई टिळक नांदल्या. १९०० साली राहुरीस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. तरीही १९३४ पासून ग्रंथरूपाने आलेल्या 'स्मृतिचित्रे'तील वाक्य असे सरळ, खेळकर चालते की समोर बसून कोणी बोलत आहे असे वाटावे. व्याकरणाने ते घडवलेले नाही. घरादारातली बोलणी आयुष्यभर ऐकलेल्या कानाने ते घडवले आहे.

आमच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीला नेमका हा कान मिळालेला नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले. पाठ्यपुस्तक खेड्यापाड्यांत पोचले, भाषेचा आवाज पोचला नाही. मग निबंध गाइडातून पाठ होतो, आणि विषय जरासा बदलला की लेखणी थांबते. याला आम्ही शिक्षकही जबाबदार आहोत. इंग्रजीचा तास आम्ही वर्षानुवर्षे मराठीतून घेतला.

अलीकडे आम्ही जुन्या श्रुतलेखनाचीच रीत थोडी बदलून वापरतो. एक लहानसा इंग्रजी उतारा वाचायचा. प्रथम नुसते ऐकायचे, दुसऱ्या वाचनाला सुटे शब्द टिपायचे. नंतर दोघादोघांनी मिळून तो आपल्या वाक्यांत उभा करायचा. शब्दशः उतरवणे अपेक्षित नसते, कारण तसे केले की हात चालतो आणि डोके स्वस्थ बसते. आधी पाने रिकामी राहत. आता चुका होतात. चाकूसाठीच्या इंग्रजी शब्दातले न उच्चारले जाणारे पहिले अक्षर मुले सर्रास गाळतात. खरे सांगायचे तर ही चूक पाहून आम्हांला बरे वाटते. मुलाने शब्द ऐकला होता, गाइडातून उचलला नव्हता. स्पेलिंग पुढच्या तासाला फळ्यावर दुरुस्त होते.