वाटाण्याचा अंकुर : लघुपटांची एक विस्मृत परंपरा

विज्ञान, इतिहास वा संस्कृती यांविषयीची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत पाहावी आणि ती स्नेह्यांना पाठवावी, हा व्यवहार आज इतका सार्वत्रिक झाला आहे, की अभ्यासकांना तो उथळ करमणुकीचाच एक प्रकार वाटतो. आम्हांला मात्र या व्यवहाराची मुळे बरीच खोल गेलेली दिसतात. आपल्याकडील चित्रपटाचा आरंभ कथेने झालाच नाही. तो अशाच लहान तुकड्यांनी झाला.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखविले गेले. त्यांची लांबी प्रत्येकी मिनिटाच्या आसपास होती. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ मध्ये मायदेशी परतले, त्या स्वागताचे चित्रणही त्यांचेच. गणितातील यशाचा सोहळा चित्रित करावासा वाटणे, ही घटना त्या काळच्या समाजमनाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

याहून बोलके उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम पौराणिक कथा हाती घेतली नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ चित्रांची नेमाने भर घातली. महिन्याची वाढ सुमारे मिनिटभरात उलगडून दाखविणारी ती फीत म्हणजे ‘अंकुराची वाढ’. निवडक मंडळींना ती दाखविली गेली. यशवंतराव नाडकर्णी यांनी ती पाहून कर्जाऊ रक्कम दिली आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. म्हणजे आमच्या कथापटाला भांडवल मिळवून दिले ते एका विज्ञानविषयक लघुपटाने! पुढेही फाळक्यांनी तळेगावचा काच कारखाना, नाशिक-त्र्यंबकचा परिसर आणि चित्रपटनिर्मितीची प्रक्रिया असे विषय हाताळले. तरीही हे लघुपट चित्रपटेतिहासात प्रस्तावनेपुरतेच उरले. कथेलाच इतिहास मानण्याची आपली सवय त्यामागे आहे.

येथे एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावयास हवी. सावेदादांची कुस्ती आज पाहावयास मिळत नाही, वाटाण्याचा अंकुरही नाही. तरी त्या कुस्तीतले मल्ल पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी होते, हे आपण जाणतो. फीत नष्ट झाली, नोंद उरली. फाळक्यांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकात आपल्या चित्रपटसाधनेविषयी लेख लिहिले, ही त्यांची दूरदृष्टीच म्हणावी लागेल.

आजची स्थिती नेमकी उलट आहे. चित्रे विपुल आहेत. परंतु ती कोणी, कोठे, कोणत्या वर्षी टिपली, हे सांगणारी ओळ हातोहात गळून पडते. मग एका दुष्काळाचे दृश्य दुसऱ्याच दुष्काळाच्या नावावर जमा होते आणि पाहणाऱ्याला संशयही येत नाही. अशा वेळी चित्रफितीसोबत कर्त्याचे नाव, स्थळ आणि साल लिहिणे हा पांडित्याचा सोस नव्हे. ते इतिहासलेखनाचेच काम आहे. विद्यार्थ्यांना हे शिकविणारा वर्ग साहित्याचाच असावा, असे आम्हांला वाटते. कारण पाठ कोणाचा, कोणत्या काळातला, हा प्रश्न तेथे रोजच विचारला जातो.