ढगाला विरजण

दुधाला विरजण लावल्याशिवाय दही होत नाही. हिवाळी ढगाचंही तसंच. त्यातले बारीक थेंब उणे १५ अंशांनाही पातळ राहू शकतात. गोठायला त्यांना एखाद्या कणाचा आधार लागतो.

ढगाचं हे विरजण सापडलं जुलै १९४६मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. शाळा अर्ध्यावर सोडून यंत्रशाळेत उमेदवारी केलेले व्हिन्सेंट शेफर काळं मखमल लावलेल्या शीतपेटीत श्वास सोडून ढग तयार करत. त्या दिवशी उकाड्यामुळे पेटी पुरेशी गार होईना, म्हणून त्यांनी कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा आत टाकला. श्वासाचा ढग क्षणात लखलखत्या हिमकणांनी भरून गेला. १३ नोव्हेंबरला मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात त्यांनी विमानातून ढगावर कोरडा बर्फ टाकला आणि ढगातून हिम झरू लागलं. जमिनीवर पोचण्याआधीच ते विरलं. त्याच महिन्यात सहकारी बर्नार्ड व्होनेगट यांना सिल्व्हर आयोडाइड सापडलं. त्याच्या स्फटिकाची घडण बर्फाशी इतकी जुळते की थेंब त्यावर गोठू लागतात.

हिम ढगांत असं विरजण पेरल्यामुळे पडलं की एरवीही पडलंच असतं, हा वाद मात्र पुढे सत्तर वर्षं चालला. जानेवारी २०१७मध्ये आयडाहोतल्या पेएट नदीच्या खोऱ्यावर विमानाने येरझारा घालत पेरणी केली, तेव्हा रडारवर हिमाच्या नागमोडी रेघा उमटल्या. तीन पेरण्यांतून मिळून सुमारे ७ लाख घनमीटर पाणी भरेल इतकं हिम पडलं.

या हिमाची खरी किंमत वसंतात कळते. ते वितळू लागलं की पहिला घास माती घेते. २०२१मध्ये कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात हिम सरासरीच्या जवळपास होतं, तरी त्याच नदीवरच्या पॉवेल जलाशयात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाणी आलं. आधीच्या कोरड्या हंगामात तहानलेल्या मातीने बरंचसं पिऊन टाकलं होतं. वणव्याचा धागाही याच ओलीशी जुळतो. पश्चिम अमेरिकेत हिम लवकर वितळलेल्या वर्षी मोठे वणवे जास्त लागतात, असं २००६मधल्या एका अभ्यासात दिसलं. हिम जास्त दिवस टिकलं, तर माती आणि पालापाचोळा उशिरा वाळतो आणि आगीचा हंगाम पुढे ढकलला जाऊ शकतो.

पण पेरणीने वाढणारं हिम थोडंच असतं, आणि कोरड्या वाऱ्याचे चार दिवस वरची ओल पळवून नेऊ शकतात. वसंतातल्या त्याच ओलीवर वाढलेलं गवत उन्हाळ्यात सरपणही होतं. म्हणून पेरणी हा वणव्यावरचा उतारा नव्हे. शिवाय दूधच नसेल, तर विरजण लावायचं कशाला? दुष्काळी हिवाळ्यात पेरण्याजोगे ढगच कमी येतात. पेरणी करावी ती ढग असलेल्या वर्षी, आणि तिचा हिशोब मांडावा वसंतात, मातीत मुठीएवढा खड्डा करून: ओल किती खोल गेली आणि किती दिवस टिकली?