ढालीचं कातडं

दरवर्षी ६ जूनला रायगड माणसांनी भरून जातो. १६७४ साली याच दिवशी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. गडावर मर्दानी खेळ होतात, दांडपट्टा गरगर फिरतो, ढालीवर तलवार आपटते. अंगरखा, कमरेला शेला, डोक्याला पागोटं अशी सजलेली पोरं पायऱ्या चढत असतात. फोटो निघतात. संध्याकाळी सगळं टेम्पोत भरून महाडला खाली येतं.

यात मला काही पाप दिसत नाही. हौसेला मोल नसतं. माझा प्रश्न साधा आहे. ही हत्यारं मुळात कोण करायचं? आणि आज ती पुन्हा घडवताना कोणाला गाळलं जातं?

आधी हत्याराबद्दल बोलू. बाजारात मिळणारी बरीचशी 'शिवकालीन' तलवार म्हणजे पत्र्याची पट्टी. तिला मूठ वेल्डिंगनं चिकटवलेली. वर सोनेरी मुलामा. मणभर वजनाच्या तलवारीच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, पण खरी तलवार किलो-सव्वा किलोच्या आसपास भरते. मणभराची तलवार घेऊन माणूस लढणार नाही, खांदा धरून बसेल. मनापासून हे काम करणारे थोडे लोक आहेत. ते संग्रहालयात जाऊन पातं मुठीपाशी किती जाड आणि टोकाशी किती पातळ ते बघतात, तोल कुठं येतो ते शोधतात. मूठ पात्याला बसवायची जुनी तऱ्हा त्यांनी हुडकून काढली. मुठीच्या पोकळीत तापलेली लाख भरायची आणि पात्याची शेपटी तीत खुपसायची. लाख थंड झाली की पक्की बसते. मूठ ढिली झाली की पुन्हा शेकायची. चिलखताचंही तसंच. खऱ्या चिलखताची बहुतेक प्रत्येक कडी खिळा ठोकून बंद केलेली असते. एक कडी, एक खिळा, अशा हजारो कड्या. आजच्या चिलखतात तार नुसती वाकवून अडकवतात. जोरानं भाला लागला तर ती उसवेल. तसं सामान्य मावळ्याच्या अंगावर चिलखत होतंच कुठं? कापूस भरून शिवलेली जाड बंडी मिळाली तरी नशीब.

पण लाख रानातून कोणी आणली? भट्टीचा कोळसा कोणी पाडला? आजही आपल्या जिल्ह्यात कोळशाची भट्टी म्हटली की कातकऱ्याचं कुटुंब डोळ्यापुढं येतं. लोहार, घिसाडी, धार लावणारे शिकलगार ही सगळी माणसं तलवारीच्या आत आहेत. मिरवणुकीत त्यांची जागा नाही.

आता गंमत बघा. मराठ्यांची म्हणून जी सरळ, लांब पात्याची तलवार मिरवतात तिचं जुनं नाव फिरंग. पातं फिरंग्यांचं, मूठ इथली. युरोपातली पाती पोर्तुगीजांच्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरायची. चौल-रेवदंडा आपल्याच अलिबागेच्या दक्षिणेला. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून जी तलवार नजर झाली, आणि जी महाराजांची म्हणून सांगतात, तिचं पातंही युरोपातलंच. यात कमीपणा नाही. चांगलं पोलाद मिळेल तिथून घेणारा राजा शहाणाच म्हणायचा. पण या फिरंगीवर नीट नजर टाकली तर कधी पात्यावर छाप दिसते. झोलिंगेनचा लांडगा, नाहीतर आंद्रिया फेरारा हे नाव. हे नाव खोटंही कोरलं जायचं, इतकी त्याला किंमत होती. म्हणजे हजारो मैलांवरच्या लोहाराचं नाव आपल्या म्यानात टिकलं. ते म्यान ज्यानं शिवलं त्याचं नाव मात्र कुठं नाही.

इथून मी ढालीकडं येतो.

ढाल दोन तऱ्हेची. एक लोखंडाची, एक कातड्याची. कातड्याची ढाल हलकी, आणि वार झेलायला नामी. श्रीमंताची गेंड्याच्या कातड्याची, शिपायाची म्हशीच्या. कातडं भिजवायचं, केस काढायचे, खरवडून साफ करायचं. मग ओलं असतानाच साच्यावर ताणून दाबून वाळवायचं. वाळलं की ते लाकडासारखं कडक होतं. वर रोगण चढवायचं. बाहेरून चार फुलं दिसतात, पितळेची किंवा लोखंडाची. ती नुसती शोभेची नव्हेत. त्यांचे खिळे आत जातात, आत कड्या असतात, कड्यांतून हाताचे पट्टे. मधे बोटं दुखू नयेत म्हणून छोटी गादी. ढालीचं कातडं कच्चं चालतं. पण पट्टे, म्यान, खोगीर, लगाम, पखाल यांना कमावलेलं लागतं. हिरडा आणि बाभळीची साल, कमावायचे हौद, दिवस-दिवस पाण्यात हात, आणि तो वास. हे काम घाटावर ढोराचं, शिवण चांभाराची. आणि या सगळ्याच्या आधी गावात मेलेलं जनावर ओढून नेणारा महार. कातड्यावर हक्क कोणाचा, याच्या गावोगाव वेगळ्या रीती आणि भांडणं. ओढायचं कोणी, याबद्दल मात्र कुठं भांडण नव्हतं.

म्हणजे असं झालं बघा. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्यानं ओढलेल्या जनावराचं कातडं सरदार छातीपुढं धरतो. पट्टा खांद्यावर घेतो. त्याच खोगिरावर बसून देवळापर्यंत जातो. कातड्याला विटाळ नाही, कातडं कमावणाऱ्याला आहे. अस्पृश्यतेचं शास्त्र शिकवायला पोथी कशाला पाहिजे? ही एक ढाल पुरे.

आणि आज? खेळातली ढाल पत्र्याची नाहीतर फायबरची. कातडं गेलं, फुलं राहिली. त्या फुलांचं कामही गेलं, कारण आत कड्याच नाहीत, हँडल वेल्ड केलेलं असतं. इतिहास पुन्हा उभा करणारे म्हणतात, आम्ही हुबेहूब करतो. हुबेहूब करायचं तर कातड्यात हात घालावे लागतील. ते कोण घालणार?

आपल्यातल्या पोरांसाठीही हा प्रश्न सोपा नाही. याच महाडात मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, लाचारीची कामं सोडा. गावोगाव लोकांनी ढोरं ओढायचं थांबवलं. त्यापायी बहिष्कार सोसले, बलुतं बंद झालं, पाणवठे तुटले. धर्मांतरानंतर तर उरलंसुरलंही सुटलं. आता इतिहासाच्या नावाखाली आपण पुन्हा कातडं भिजवत बसायचं का? मला विचाराल तर, हौसेखातर नाही. पण ती विद्या होती हे म्हणायला लाजायचंही कारण नाही. लादलेलं काम सोडणं एक गोष्ट. त्या कामातलं ज्ञान दुसऱ्यानं पुसून टाकणं ही दुसरी. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना उघड्या अंगावर पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. पट्टा कशाचा असतो? कातड्याची ढाल काचेच्या कपाटात पुजली जाते, आणि कातडं काढणारा रस्त्यावर फोडला जातो. ही दोन चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय शस्त्रांचा इतिहास पुरा होत नाही.

गडाबद्दलही तसंच. हवालदार, सबनीस, कारखानीस ही गडाची मांडणी शाळेच्या पुस्तकात येते. गडाखालचा घेरा, मेटं, रान राखणारे, वाटा धरून रात्र काढणारे रामोशी, महार, मांग, कोळी हे एका ओळीत उरकतात. समुद्रावर जा. खांदेरीचं बांधकाम १६७९ साली इंग्रजांच्या तोफांपुढं सुरू राहिलं ते मायनाक भंडाऱ्याच्या हिमतीवर. जंजिऱ्याच्या मोहिमेत लाय पाटील कोळ्यानं आपली माणसं घेऊन रात्री तटाला शिड्या लावल्या आणि वरून येणाऱ्या फौजेची वाट बघत राहिला, फौज काही आली नाही, असं सांगितलं जातं. शिडी हेसुद्धा हत्यारच की! पण शिडी खांद्यावर घेऊन मिरवणूक कोणी काढत नाही. तलवार दिसते बरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात रायगड आहे, खांदेरी आहे. आता पाट्या नव्या लागतील, पाहुणे वाढतील. त्या पाट्यांवर भंडारी, कोळी, महार किती ओळींत येतील ते बघायला आपलं कोणी जाणार आहे का?

वाघनखांचंच बघा. जुलै २०२४ मध्ये ती लंडनच्या संग्रहालयातून उसनी आणून साताऱ्यात ठेवली. ज्यांच्याकडून आणली तेच म्हणतात, ही महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही. तरी रांगा लागल्या. एवढी माया एका लोखंडावर. आणि प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला जातीचा न्हावी होता, हे सांगायला लागलं की लोकांना जातीयवाद दिसतो.

काही तरुण मित्र म्हणतात, मग आपण आपली पलटण उभी करू. १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापुढं लाल कोट, पांढरे तिरपे पट्टे, खांद्यावर ब्राउन बेस. कल्पना चांगली आहे, पण अभ्यास करून करा. १८१८ ची ती बंदूक गारेची. हिंदुस्थानात चालणाऱ्या नमुन्याची नळी ३९ इंच. काडतूस कागदाचं, दातानं फाडायचं, थोडी दारू कान्यात, उरलेली नळीत, वर गोळी, मग गज. मिनिटाला दोन-तीन बार. तहानलेल्या तोंडात दारूचा खार, आणि कोरेगावच्या शिपायांना दिवसभर पाणी नव्हतं. हे कळलं की तो दिवस अंगावर येतो. नुसत्या कोटानं येत नाही. पट्टा आणि काडतुसाची पेटी पुन्हा कातड्याचीच, हेही ध्यानात ठेवा.

आणि खरं ते बोलायचं. स्तंभावरच्या मेलेल्या ४९ नावांत २२ नावं 'नाक' शेवटाची आहेत. बाकीची दुसऱ्यांची. पगार कंपनीचा होता. त्याच सरकारनं १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांना भरतीसाठी अर्ज लिहायची पाळी आली. पुढं १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांनी आणि इतरांनी सतत मागणी लावून धरली म्हणून. गोऱ्यानं हत्यार दिलं आणि गोऱ्यानंच काढून घेतलं, हे लाल कोटाबरोबर सांगता आलं पाहिजे.

आणखी एक. धार लावलेली तलवार घेऊन रस्त्यावर उतराल तर १९५९ चा शस्त्र कायदा आहे. शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना त्यात सूट आहे, तलवारीला नाही. पोलीस आधी कोणाला उचलतात हे तुम्हाला मी सांगायला नको. हत्यार बोथट ठेवा आणि कागद खिशात ठेवा.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या आपल्या माणसांवर महाडात लाठ्या चालल्या. जेवणाच्या पंगतीत घुसून मारलं. आपल्याकडंही पलटणीत राहिलेली माणसं होती. दासगाव-महाड हा फौजी महारांचाच पट्टा. कवायत, निशाण, संगीन सगळं त्यांच्या हाताला ठाऊक. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट बघत होते. तो शब्द आला नाही. हात आवरा, हा हुकूम आला, आणि तो पाळला गेला. डिसेंबरात पुन्हा आले तेव्हा बस मिळेल का याचा भरवसा नाही म्हणून 'पद्मावती' बोटीनं दासगावच्या बंदरात उतरले, तिथून महाडला गेले. हिंदूंनी जागा दिली नव्हती. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जागेत मंडप पडला. २५ डिसेंबरला तिथं मनुस्मृती जळाली. शस्त्र हातात धरायला शिकलेल्या माणसानं ते न उचलणं ही कवायत कोण उभी करून दाखवणार? तिला पोशाख नाही, ढोल नाही. फोटोत तर ती दिसतच नाही.

तरी एक वस्तू आहे, आपल्याच घरातली. वेसकराची काठी. गावाच्या वेशीवर रात्र काढणाऱ्या महाराच्या हातातली, टोकाला घुंगरं बांधलेली. खांद्यावर घोंगडं. त्या काठीनं चोर अडवला, सरकारी खजिना पोचवला. आणि त्याच घुंगरांनी गावाला कळायचं, महार आला. राखणदाराचं हत्यार आणि गुलामाची खूण, दोन्ही एकाच दांडक्यात. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली आणि काठ्याही गेल्या. कोणी चुलीत घातल्या, कोणी माळ्यावर टाकल्या. बरं झालं. पण तिचं माप तरी घेऊन ठेवू.

तेव्हा पोलादपूर, महाड, माणगाव, म्हसळा या तालुक्यांत जे कार्यकर्ते फिरतात त्यांनी वही बरोबर ठेवावी. काठी कशाची होती, बांबूची की दुसऱ्या लाकडाची. किती हात उंच. घुंगरं किती आणि कोणी बांधून दिली. काठी घराण्याची होती की पाळीनं फिरायची. कोणाच्या आजानं ती शेवटची कधी धरली, आणि मग तिचं काय केलं. घरात जुना पट्टा, पलटणीचा बिल्ला, पेन्शनचा कागद असेल तर मालकाच्या परवानगीनं त्याची नक्कल करून घ्या, वस्तू उचलून आणू नका. आणि जिथं माणूस पंचाऐंशीच्या पुढचं आहे तिथं पावसाळ्याआधी जा.