आखूड नळीचा हिशोब

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या हकिगतींमध्ये एक साधी वस्तू पुन्हा पुन्हा भेटते. बंदूक साफ करायची सळई. १९६६-६७ च्या सुमारास अनेकजण ती जोडून, हाताशी येईल अशी तयार ठेवत. काही तर टेपनं बंदुकीलाच बांधत. एम१६ रायफल अत्याधुनिक, स्वयंचलित. पण गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी आतच अडकून बसली, की सळई नळीच्या तोंडातून आत घालून ती ठोकून बाहेर काढावी लागे. समोरून गोळ्या येत असताना.

हा इतिहास मी वाचायला लागलो तो निव्वळ यंत्राच्या ओढीनं. शिकलो मेकॅनिकल, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. पुण्यात हे काही नवलाचं नाही. खरी बंदूक हातात धरली ती फक्त एनसीसीत, .२२ ची. तिच्यात दर गोळीनंतर बोल्ट हातानं मागे ओढायचा, पुंगळी बाहेर पडली की बोल्ट पुढे ढकलायचा. स्वयंचलित रायफलीत हेच काम जळलेल्या दारूचा वायू करतो. नळीला एक बारीक छिद्र असतं. गोळी त्याच्या पुढे गेली की थोडा वायू त्यातून निसटतो आणि बोल्टला मागे रेटतो.

युजीन स्टोनर या अमेरिकन अभियंत्यानं आर्मालाइट कंपनीत असताना ही व्यवस्था फार सुटसुटीत केली. त्याच्या आधीच्या बहुतेक रायफलींमध्ये वायू एका दट्ट्याला ढकले आणि दट्ट्या बोल्टला. स्टोनरनं वेगळा दट्ट्या काढून टाकला आणि एका पातळ पोलादी नळीतून वायू थेट मागच्या बोल्ट-कॅरियरमध्ये नेला. वजन घटलं, सुटे भाग घटले. १९६० साली त्याला पेटंट मिळालं, पण त्याआधी १९५९ मध्येच रायफलीचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले होते.

असं यंत्र म्हणजे मुळात वेळेचा हिशोब असतो. बोल्ट फार लवकर उघडला तर पुंगळी अजून दाबानं फुगलेली, चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून असते. तिला ओढणारा आकडा एकतर निसटतो किंवा तिची कड फाडतो. वायू कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुढचं काडतूस वर येत नाही. छिद्राची जागा, नळीची लांबी, दारू, स्प्रिंग आणि बोल्टचं वजन, सगळं एकमेकांना धरून ठरलेलं. स्टोनरनं हा मेळ २० इंचांच्या नळीवर आणि ड्यूपॉन्टच्या एका विशिष्ट दारूवर बसवला होता.

त्यातली दारू आधी बदलली. गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवा, असा लष्कराचा आग्रह होता. दाबाची मर्यादा पाळून तो वेग सातत्यानं देणं जुन्या दारूला जमेना. म्हणून १९६४ मध्ये ऑलिन मॅथिसनची गोळीदार दाण्यांची दारू स्वीकारली गेली. वेग मिळाला, पण छिद्रापाशी दाब वाढला, रायफलीची गती वाढली आणि काजळीही वाढली. त्यातच चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, व्हिएतनामची हवा दमट, आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला. कित्येकांना सफाईचं साहित्यच मिळालं नव्हतं.

त्याच काळात कोल्ट नळी आखूड करत होती. जंगलात, हेलिकॉप्टरमध्ये, विशेष दलांना लहान हत्यार हवं होतं. २० इंचांची नळी १० इंचांवर आणली, म्हणजे थेट निम्मी. छिद्रही मागे सरकवावं लागलं. मूळ रायफलीत छिद्र ओलांडल्यावर गोळीला नळीत सुमारे ७ इंच प्रवास उरतो आणि तेवढा वेळ वायूचा रेटा टिकतो. इथे जेमतेम २ इंच उरले. म्हणजे छिद्रापाशी दाब आधीपेक्षा जास्त, आणि तो मिळण्याचा वेळ मात्र कितीतरी कमी.

शिवाय अर्धवट जळलेली दारू नळीबाहेर भडकायची. आवाज कानठळ्या बसवणारा, रात्री जाळ दुरून दिसायचा. त्यावर उपाय म्हणून नळीच्या टोकाला सव्वाचार इंचांचं एक नळकांडं बसवलं. त्यानं आवाज आणि जाळ दोन्ही कमी झाले. पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. त्या नळकांड्यात वायू क्षणभर कोंडला जायचा, मागचा दाब थोडा टिकायचा, आणि त्यामुळे बोल्टचं कामही सुधारायचं. आवाजासाठी लावलेलं ठिगळ यंत्राचा आधार होऊन बसलं.

१९६७ मध्ये नळी दीड इंचानं वाढवून एक्सएम१७७ई२ आली. विशेष दलांनी ती आवडीनं वापरली, पण तिची दुखणी संपली नाहीत. सखोल अभ्यासाचा कोल्टचा प्रस्ताव लष्करानं मान्य केला नाही आणि १९७० मध्ये उत्पादन थांबलं.

दरम्यान मोठ्या रायफलीबद्दल सैनिकांची पत्रं घरी, तिथून संसद सदस्यांकडे पोचली होती. १९६७ मध्ये रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीनं चौकशी केली. लष्करी अधिकाऱ्यांची निष्क्रियता गुन्हेगारी हलगर्जीच्या जवळ जाणारी आहे, इतक्या कडक शब्दांत तिचा अहवाल आला. त्या प्रकरणातला एक तपशील वाचून मी लॅपटॉप मिटला होता. नव्या दारूवर बऱ्याच रायफली गतीच्या मर्यादेत बसत नव्हत्या. म्हणून कारखान्यातल्या स्वीकृती-चाचणीत जुन्या प्रकारच्या दारूची काडतुसं वापरायची कोल्टला मुभा मिळाली. रायफली चाचणीत पास होत राहिल्या. जंगलात मात्र नवी दारू जात राहिली.

लॅपटॉप मिटला, कारण हे मी केलेलं आहे. एका जुन्या नोकरीत आम्ही खालची एक लायब्ररी बदलली. चाचण्या नव्या माहितीवर अडखळत होत्या, तारीख जवळ आली होती. मी त्या जुन्या, साफसूफ माहितीवर चालवल्या. सगळं हिरवं दिसलं, मी सही केली. दोन दिवसांनी रात्री सेवा बसली, आणि शिव्या खाल्ल्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या मुलामुलींनी. त्यांना लायब्ररी बदलल्याचं माहीतही नव्हतं. माझ्या चुकीनं कुणाचा जीव गेला नाही, हा माझ्या कामाचा गुण नाही. ते माझं नशीब.

व्हिएतनाममधली दुरुस्ती पुढे झाली. चेंबरला क्रोम आलं, बफर बदलला, सफाईचं साहित्य पोचलं. विल आइस्नर या नामवंत चित्रकथाकाराकडून देखभालीची सचित्र पुस्तिकाही काढून घेतली गेली. आखूड रायफलीचा धागा १९९४ च्या एम४ पर्यंत आला: नळी १४.५ इंच, पण छिद्र त्या जुन्या आखूड बंदुकीच्याच जागी. आता गोळीला पुढे प्रवास भरपूर, म्हणून वायू गरजेपेक्षा जास्त आणि भागांची झीजही जास्त. अलीकडे अमेरिकी विशेष दलांनी घेतलेल्या नव्या जोडणीत नळी तेवढीच ठेवून छिद्र पुढे सरकवलं आहे. म्हणजे साठच्या दशकात घाईनं ठरलेली एक जागा बदलायला अर्धं शतक लागलं.

आता माझ्याकडे कुणी ‘छोटासाच बदल आहे’ म्हणत आलं, की मी एकच विचारतो: चाचणी कुठल्या दारूवर घेतली? टीममधल्या नव्या मुलांना याचा अर्थ कळत नाही. मग त्यांना त्या सळईची गोष्ट सांगावी लागते.