न विसरणारी वही

माणसे कुठे, कशाने आणि दिवसातून कितीदा जातात, हे कळल्याशिवाय रस्ता किती रुंद हवा, बस कुठे थांबावी, हे ठरत नाही. त्यासाठी वाहतुकीचे अभ्यासक पूर्वी घरोघर वही देत आणि सांगत, आजच्या फेऱ्या लिहा. लोक लिहीत, पण कामावरून येताना वाटेत घेतलेले दूध, मुलाला शिकवणीला सोडणे, असल्या छोट्या फेऱ्या गळून जात. वेळाही ठोकळमानाने लिहिल्या जात.

१९९६ साली अमेरिकेत, केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन परिसरात शंभर कुटुंबांच्या मोटारींत जीपीएस यंत्र आणि छोटा संगणक ठेवून पाहिला. ही उपग्रह-व्यवस्था अमेरिकी लष्कराची. नागरी वापराच्या संकेतांत तेव्हा मुद्दाम चूक मिसळलेली असे. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. मे २०००मध्ये ती भेसळ थांबली. पुढच्या सर्वेक्षणांत वही आणि यंत्र ताडून पाहिले, तेव्हा सांगायच्या राहिलेल्या फेऱ्या उघड झाल्या. यंत्र विसरत नव्हते. मात्र माणूस कुठे थांबला हे त्याला कळे. का थांबला, हे माणसालाच विचारावे लागे.

पुढे न विचारताही ते ओळखता येऊ लागले. २००७मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांनी गाडीत जीपीएस नको म्हणून संप केला. आपल्यावर पाळत राहील, ही त्यांची भीती. यंत्रे तरीही बसली. २०१४ साली तिथल्या माहितीच्या कायद्याखाली आदल्या वर्षाच्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांची नोंद बाहेर आली. टॅक्सींचे क्रमांक सांकेतिक केले होते. तो संकेत थोड्याच दिवसांत फुटला. २०१५च्या जानेवारीत कुणीतरी गाड्या रिकाम्या उभ्या राहण्याच्या वेळा नमाजाच्या वेळांशी जुळवून दाखवल्या. आम्हा मुसलमानांच्या नमाजाची वेळ सूर्यावर ठरते, ऋतूप्रमाणे सरकते. गाडी थांबण्याची वेळही तशीच सरकत असेल, तर चालक कोण हे ओळखायला कितीसा वेळ? त्या नोंदीत धर्माचा रकाना नव्हता. भरायची गरजच उरली नाही.

लेक्सिंग्टनच्या कुटुंबांनी यंत्र राजीखुशीने घेतले होते. टॅक्सीवाल्यांनी संप करून नाही म्हटले होते. फरक इथे आहे, यंत्रात नाही.

२०१६च्या मध्यापासूनच्या फेऱ्यांच्या नोंदी प्रसिद्ध करताना न्यूयॉर्कने नेमकी जागा वगळली आणि फक्त विभाग दिला. वर्दळ कुठे वाढते, कुठे घटते, हे समजायला तेवढे पुष्कळ आहे. गाडी बाजूला लावून कोण कुणापुढे झुकला, हे त्यासाठी कळायला नको.