बगदादी आणि बेने इस्राएल

बगदादचा सुभेदार दाऊद पाशा याच्या कारकिर्दीत (१८१७–१८३१) तेथील ज्यूंचा, विशेषतः श्रीमंत व्यापाऱ्यांचा, फार छळ झाला. त्यातून निसटलेला डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास सहकुटुंब मुंबईत आला आणि त्याच्या मागोमाग इतर बगदादी कुटुंबे आली.

मुंबईत त्यांच्या आधीपासून ज्यू होतेच. कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवार पाळत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हटले जाई. छळ टाळण्यासाठी निघालेल्या आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, असे त्यांची परंपरा सांगते. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले.

सुरुवातीला दोन्ही समाजांची दफनभूमी एकच होती. १८३६ मध्ये मात्र ससून आणि आणखी काही जणांनी तिच्यात मधोमध भिंत घालण्याची परवानगी सरकारकडे मागितली. बगदाद सोडून फार वर्षे झाली नव्हती, तरी मेलेल्यांनाही वेगळे ठेवण्याची ही मागणी झाली. प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत बेने इस्राएलांना धरायचे नाही, सोयरीक करायची नाही, असे पुढे रूढ झाले. घटस्फोटाचे आणि विधवाविवाहाचे ज्यू नियम या लोकांनी पाळले नाहीत, त्यामुळे त्यांचे कूळ शुद्ध राहिले नसावे, असे धार्मिक कारण दिले जाई. ते तेवढेच नव्हते. काही बगदादी इंग्रज सरकारदरबारी युरोपियन म्हणून गणले जाऊ पाहत होते. मराठी बोलणारे, सावळे धर्मबंधू त्या दाव्याला अडचणीचे होते. रंगूनमध्ये बगदाद्यांच्या प्रार्थनास्थळाच्या कारभारातला मताधिकार नाकारला गेला, तेव्हा बेने इस्राएल न्यायालयात गेले आणि १९३५ मध्ये जिंकले.

हे सोसणाऱ्या बेने इस्राएलांतही गोरे आणि काळे असे दोन तट होते. ज्यू नसलेल्या स्त्रियांपासून झालेली संतती म्हणून काळ्यांशी गोरे लग्नसंबंध करीत नसत. बगदाद्यांनी ज्या शुद्धतेच्या मापाने त्यांना कमी लेखले, तेच माप ते आपल्याच माणसांना लावत होते.

१९४८ नंतर बेने इस्राएल इस्रायलला जाऊ लागले. नाझी संहारातून वाचलेल्यांना आसरा देणाऱ्या त्या देशातही हाच संशय पुढे आला. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने, बेने इस्राएल व्यक्तीने इतर ज्यूंशी विवाह करण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश काढले. त्या पीठाचे तेव्हाचे मुख्य धर्मगुरू यित्झाक निस्सिम बगदादमध्येच जन्मले होते. बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे मानावे, असा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतून बेने इस्राएलांचे नाव वगळले. चौकशीची अट मात्र, ज्यांच्या कुळाविषयी शंका असेल अशा सर्वांसाठी म्हणून, कायम राहिली.