भिंतीला टेकलेली झाडं

नाशिक-सांगलीकडच्या श्रोत्यांना छाटणी काय असते, हे सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवर तिकडे घराचं वर्षभराचं गणित ठरतं. आज मात्र गोष्ट द्राक्षाची नाही, पीचची आहे. फारसीत या फळाला शफ्तालू म्हणतात. मूळ चीनचं, इराणमार्गे युरोपात गेलेलं.

पॅरिसच्या पूर्वेला लागूनच माँत्रय आहे. तिथे पीचचा मोहोर लवकर येतो आणि रात्रीच्या हिमानं करपतो. सतराव्या शतकापासून तिथल्या माळ्यांनी यावर तोड काढली. जिप्सम गावातच निघायचं. त्याचा गिलावा त्यांनी दगडी भिंतींना दिला. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब झाडाला परत देते. गिलाव्यात खिळा सहज बसतो; म्हणून कोवळी फांदी चिंधीत धरून भिंतीलाच ठोकायची. एकोणिसाव्या शतकात या भिंतींची लांबी सुमारे 600 किलोमीटर झाली होती.

पण भिंत कोणीही बांधील. खरी विद्या छाटणीत होती. पीचला फळ धरतं ते गेल्या वर्षीच्या काडीवर, आणि एकदा फळलेली काडी पुन्हा फळत नाही. छाटलं नाही, तर फळं शेंड्याकडे सरकतात आणि झाड आतून उघडं पडतं. म्हणून रोपाचा शेंडा कापायचा आणि दोनच फुटवे राखायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. उभी फांदी जोर धरते, आडवी मंदावते. तेव्हा दांडगी फांदी खाली वाकवायची, दुबळी वर उचलायची, दोघी बरोबरीला येईपर्यंत.

मी कवितेतला माणूस. हा नियम कळला तेव्हा वाटलं, राज्यकारभारावरच्या किती ग्रंथांत एवढं नेमकं सांगितलं असेल?

1841 साली माँत्रयच्याच अलेक्सी लेपेर या बागायतदारानं या छाटणीवर पुस्तक लिहिलं. पुढे रेल्वेनं दक्षिणेचं फळ पॅरिसला येऊ लागलं, शहर वाढलं, भिंती पडल्या. उरलेल्यांपैकी साडेआठ हेक्टरांना 2003 साली सरकारी संरक्षण मिळालं.

भिंत राखता येते. बोटांतलं ज्ञान मात्र झाडापाशी उभं राहूनच द्यावं लागतं. आपल्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणारी माणसंही असंच ज्ञान बोटांत घेऊन येतात. त्यांच्याजवळ बसून ते कुणी लिहून घेईल का?